बाराखडी पाठ आहे, पण ‘नाक’ वाचता येत नाही: लालबागच्या एका आईला उत्तर

प्रश्न असा होता: ‘आम्ही लालबागला वन रूम किचनमध्ये राहतो. मुलगा सव्वापाच वर्षांचा, इंग्रजी माध्यमात सीनियर केजीला. सासरे गिरणीत होते, आता घरीच असतात. ते रोज संध्याकाळी त्याच्याकडून मराठी बाराखडी म्हणून घेतात आणि एक पान गिरवून घेतात. बाराखडी ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत पाठ झाली, पण ‘नाक’ लिहून दाखवलं तर वाचत नाही. शाळेतून निरोप आलाय की लेखन कच्चं आहे, घरी सराव घ्या. वही काढली की पोटात दुखतं म्हणतो आणि रडतो. तो डावखुरा आहे, आजोबा पेन्सिल उजव्या हातात देतात. मी आठला घरी पोचते. काय करू? आणि मराठी-इंग्रजी दोन्ही एकदम शिकवलं तर गोंधळ होईल का?’

ताई, आधी एक गोष्ट आजच करा. ती गिरवायची वही महिनाभर माळ्यावर ठेवून द्या. सव्वापाच वर्षांच्या मुलाच्या पोटात वही बघून दुखत असेल तर ते नाटक नाही. त्या वयात भीती पोटातच येते. मी अठ्ठावीस वर्षं बालवाडीत आणि पहिलीच्या वर्गात काम करते आहे. अक्षरं उशिरा आलेली खूप मुलं पाहिली, ती पुढे छान वाचायला लागली. पण वाचन म्हणजे ओरडा, लेखन म्हणजे दुखणारी बोटं असं ज्याच्या मनात बसलं, त्याला पुस्तकाजवळ परत आणायला दोन-दोन वर्षं गेली आहेत. म्हणून वही आधी बंद.

आता बाराखडी पाठ असून ‘नाक’ का वाचता येत नाही, ते बघू. तुमचा मुलगा बाराखडी वाचत नाही, तो ती गातो. कधी त्याला मधूनच ‘फ’ दाखवून बघा. तो मनातल्या मनात ‘प’च्या ओळीपर्यंत खाली उतरेल आणि मग सांगेल. म्हणजे अक्षर ओळखून नाही, जागा मोजून. यात त्याचा दोष नाही आणि आजोबांचाही नाही. त्यांना ज्या पद्धतीनं शिकवलं त्याच पद्धतीनं ते प्रेमानं शिकवताहेत.

हिशेब करून बघा. ‘क’पासून ‘ळ’पर्यंत चौतीस व्यंजनं धरली आणि प्रत्येकाची बारा रूपं, तर चारशे आठ आकार झाले. त्यात २००९ च्या शासन निर्णयानं ‘ॲ’ आणि ‘ऑ’ वर्णमालेत आले, म्हणजे बाराखडीची चौदाखडी झाली. जोडाक्षरं वेगळीच. एवढं सगळं ओळीनं पाठ होईपर्यंत मुलाच्या हातात एकही शब्द पडत नाही. पहिल्या ओळीचंच घ्या: क, ख, ग, घ, ङ. यातून त्याच्या रोजच्या बोलण्यातला एक तरी शब्द बनतो का? आणि ‘ङ’नं सुरू होणारा शब्द तुम्ही-आम्ही तरी कधी बोललो आहोत? वर्णमालेचा हा क्रम अतिशय हुशारीनं लावलेला आहे. उच्चार घशातून ओठांकडे कसा येतो ते त्यात दिसतं, आणि मोठेपणी ते कळलं की मन हरखतं. पण तो भाषेचा अभ्यास करणाऱ्याचा क्रम आहे, नुकतं वाचू लागलेल्या मुलाचा नाही.

मुलाचं वाचन कानापासून सुरू होतं. ‘नाक’ हा शब्द ‘ना’ आणि ‘क’ असा फुटतो, हे कानाला कळलं नसेल तर डोळ्यांना दिसून उपयोग नाही. सुदैवानं आपल्याकडे याचे खेळ घरोघरी आहेत, आपण त्यांना अभ्यास समजत नाही एवढंच. शब्दांच्या भेंड्या घ्या. ‘पाणी’वरून ‘णी’ आला तर ‘नी’ चालवून घ्या, ‘नीट’ म्हणू द्या. या एका खेळात मूल शब्दाचं शेवटचं अक्षर सुटं करतं, मनात धरून ठेवतं आणि त्यावरून नवा शब्द शोधतं. वाचायला लागतं ते सगळं यात आलं. टाळ्यांचा खेळ त्याहून सोपा: ‘आ-जो-बा’ तीन टाळ्या, ‘आई’ दोन, ‘चिंच-पो-क-ळी’ला किती ते त्यालाच ठरवू द्या. तुम्ही भाजी चिरताना आणि तो ओट्याजवळ उभा असताना होण्यासारखं आहे हे.

थोडा मोठा झाला, सहा-सातचा, की ‘च’ची भाषा शिकवा. आपण लहानपणी मोठ्यांना कळू नये म्हणून बोलायचो ती. ‘मला’चं ‘चलाम’, ‘घरी’चं ‘चरीघ’. पहिल्या अक्षरातला वर्ण काढायचा, तिथे ‘च’ बसवायचा, काढलेला वर्ण शेवटी नेऊन ठेवायचा. ज्याला हे सफाईनं जमतं तो मनातल्या मनात अक्षर आणि मात्रा वेगळी करतोय. वर्गात अशी भाषा बोलणारी मुलं वाचनात सहसा अडलेली मला आठवत नाहीत.

कान तयार होत असतानाच दुसरी गोष्ट सुरू करा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच: मुलाचं बोलणं कागदावर उतरवा.

कुर्ल्याच्या बालवाडीत पावणेपाच वर्षांची एक मुलगी होती. वर्गात फार बोलायची नाही. एके दिवशी तिनं निळ्या खडूनं कागदभर उभ्या रेघा ओढल्या. मी विचारलं, हे काय गं? म्हणाली, ‘पाणी गेलं.’ चाळीतल्या नळाचं पाणी त्या दिवशी लवकर गेलं होतं. मी चित्राखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘पाणी गेलं.’ आणि बोट फिरवत वाचून दाखवलं. ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘हे मी बोलले ते?’ सुटताना आई आली तेव्हा तिनं त्या दोन शब्दांवर बोट फिरवून आईला वाचून दाखवलं. अक्षर एकही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत निळ्या रेघा, आणि या वेळी ‘पाणी आलं’. मी तेही लिहिलं. तिनं कालचा कागद मागितला, दोन्ही शेजारी ठेवले आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, ‘हे हेच आहे.’ थोड्या वेळानं ‘लं’वर बोट: ‘हे पण.’ मग ‘गे’ आणि ‘आ’कडे बघत बसली. त्या पाच मिनिटांत तिला जे सापडलं ते महिनाभर गिरवून सापडलं नसतं. एकच शब्द प्रत्येक वेळी तसाच दिसतो, शब्दाला तुकडे असतात, आणि तुकडा बदलला की अर्थ बदलतो.

तुमच्याकडे रात्रीची पंधरा मिनिटं आहेत ना? जेवणं झाल्यावर पाठकोऱ्या कागदाची एक वही घ्या. त्यानं चित्र काढायचं, एक वाक्य सांगायचं, तुम्ही त्याच्या डोळ्यांदेखत ते लिहायचं. लिहिताना प्रत्येक शब्द सावकाश म्हणा. त्याचं वाक्य सुधारू नका. तो ‘मी गेलेलो’ म्हणाला तर तेच लिहा. आजीच्या तोंडून मालवणी किंवा आगरी शब्द आला असेल तर तोही तसाच लिहा. पुस्तकी मराठी त्याला शाळेत भेटणारच आहे. इथे त्याला एवढंच कळायला हवं की आपण जे बोलतो ते कागदावर थांबतं आणि उद्या परत वाचता येतं. जुनी पानं रोज एकदा मागे जाऊन वाचा. आठवड्यात त्याला चार-पाच शब्द दिसताक्षणी ओळखू येतील, आणि ते त्याचे स्वतःचे शब्द असतील.

अक्षरांची ओळख याच्या जोडीनं. सुरुवात त्याच्या नावापासून करा. नावातलं पहिलं अक्षर हे त्याचं ‘माझं अक्षर’. मग बाराखडीच्या क्रमातून नव्हे, शब्द पटकन बनतील अशी तीन-चार अक्षरं निवडा. मी बहुतेक वेळा न, क, म, ल आणि काना एवढ्यावर सुरुवात करते. यातून काय काय होतं बघा: नाक, कान, काका, मामा, मका, लाल, काल, मला, काम, मान, कमान, कमाल. चार अक्षरं आणि एक काना, आणि मूल बारा शब्द वाचतं! जुन्या पत्रिकेचे पुठ्ठे कापून त्यावर ही अक्षरं लिहा, कान्याची वेगळी पट्टी करा. ‘मका’तला काना उचलून पुढे ठेवला की ‘माक’ होतं, मुलं पोट धरून हसतात. हसू द्या. अर्थ नसलेला शब्द वाचून हसतोय म्हणजे तो खरोखर वाचतोय, पाठ केलेलं म्हणत नाहीये.

काना पक्का झाला की दुसरी वेलांटी, मग मात्रा असलेली अक्षरं. पहिली वेलांटी मी मुद्दाम उशिरा आणते, आणि याचं कारण आजोबांनाही सांगा. ‘किती’ म्हणताना कानाला ‘क’ आधी ऐकू येतो आणि ‘इ’ नंतर. पण कागदावर वेलांटी आधी दिसते. मुलं तिथे अडखळतात, कधी ‘इकती’ असं वाचतात. आळस म्हणून नाही, तर डावीकडून उजवीकडे जायचं हे नुकतंच शिकली आहेत आणि ती अगदी प्रामाणिकपणे तसंच जाताहेत म्हणून. रफाराचं तसंच. ‘सूर्य’मधला ‘र’ ऐकू येतो आधी आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ते पहिली-दुसरीत येऊ दे. ‘रु’ आणि ‘रू’ यांचे उकार वेगळ्याच जागी लागतात, तेही सावकाश. दिसायला सारखी अक्षरं, म्हणजे घ-ध, भ-म, थ-य, ब-व, एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर दुसरं.

आणि ‘च’चा घोळ त्याला झाला तर चिडू नका. ‘चार’ आणि ‘चारा’ मोठ्यानं म्हणून बघा. एकच अक्षर, दोन उच्चार. आपण जन्मभर बोलतोय म्हणून ते आपल्याला जाणवत नाही.

आता हात. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची असतात आणि एकेक करत टणक होत जातात, सव्वापाचव्या वर्षी हे काम अर्धवटच असतं. त्या हातानं दुरेघीच्या दोन रेघांत मावेल असं पानभर अक्षर काढायचं म्हणजे काय होत असेल विचार करा. ‘लेखन कच्चं’ म्हणजे बहुतेक वेळा बोटं कच्ची. ती वहीनं पक्की होत नाहीत, कामानं होतात. मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं, कणकेचे गोळे आणि साप करणं, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणं, हार ओवणं. रांगोळी तर फारच उत्तम. चिमटीतून रांगोळी सोडताना अंगठा आणि दोन बोटं जशी धरतात तशीच पेन्सिल धरायची असते. ताटात रवा पसरून बोटानं अक्षर काढू द्या, ताट हलवलं की पाटी कोरी. आपल्याकडची धूळपाटी म्हणजे हेच होतं. जमिनीवर खडूनं हातभर मोठं ‘क’ काढू द्या, खांद्यापासून हात फिरू दे. मोठं आधी, लहान नंतर.

ताराबाई मोडक दादरला हिंदू कॉलनीत शिशुविहार चालवायच्या. पुढे १९४५ मध्ये त्यांनी अनुताई वाघांना घेऊन डहाणूजवळ बोर्डीला बालवाडी काढली. तिथे महागडी साधनं नव्हती. त्यांनी पानं, दगड, शंख-शिंपले, बिया असं भोवतालचंच सगळं शिक्षणाचं सामान केलं. लालबागच्या एका खोलीत तुमच्याकडे त्याहून कमी काही नाही. मला हे मनापासून सांगावंसं वाटतं, कारण मुंबईतल्या आया मला नेहमी म्हणतात की आमच्याकडे जागा नाही, खेळणी नाहीत. ओटा आहे, ताट आहे, आजोबा आहेत. पुरेसं आहे.

डावा हात अजिबात सोडवू नका. हे मी ठामपणे सांगते. कोणता हात चालणार हे मेंदू ठरवतो, आणि जबरदस्तीनं बदलला तर मुलाचं अर्धं लक्ष हाताशी झगडण्यात जातं. तो डाव्यानं लिहील तेव्हा कागदाचा वरचा भाग थोडा उजवीकडे कलता ठेवा, म्हणजे मनगट वाकडं न करता त्याला लिहिलेलं दिसेल. पेन्सिल टोकापासून दोन बोटं वर धरू द्या. दिवा त्याच्या उजवीकडून येऊ द्या, नाहीतर स्वतःच्या हाताची सावली अक्षरावर पडते. शिरोरेषा तो आधी ओढेल किंवा नंतर, सध्या दोन्ही चालेल.

काही दिवसांनी तो स्वतःहून लिहायला लागेल, आणि ते चुकीचं असेल. माझ्याकडच्या एका मुलानं चिठ्ठी आणून दिली होती: ‘मल खउ द.’ मला खाऊ दे. आधी व्यंजनं उतरतात, काने-मात्रा मागून येतात, आपल्या लिपीत मुलांचं लिहिणं बरेचदा असंच उलगडतं. त्या चिठ्ठीवर लाल पेन फिरवलं असतं तर दुसरी चिठ्ठी आली नसती. मी खाली लिहिलं, ‘हो, मी तुला खाऊ देते,’ आणि वाचून दाखवलं. त्यानं आपलं ‘खउ’ आणि माझं ‘खाऊ’ बघितलं. पुढच्या चिठ्ठीत काना होता. तुमच्या मुलानं ‘आजबा’ लिहिलं तर आजोबांनी त्याला उत्तर लिहावं आणि खाली ‘आजोबा’ अशी सही करावी. दुरुस्ती त्यातच झाली.

लिहायला कारण मात्र हवं. वाण्याकडची यादी करताना ‘रवा’ त्याला लिहू द्या. गणपतीत मखराची तयारी करताना काय काय आणायचं ते लिहू द्या. गावाला आजीला पोस्टकार्ड पाठवा. उलटं आलेलं अक्षर, गाळलेली मात्रा सातव्या वर्षापर्यंत पुष्कळ मुलांमध्ये दिसते.

आजोबांबद्दल थोडं. त्यांचा हा तास काढून घेऊ नका, बदला. तुमच्या घरातली सगळ्यात मोठी शिक्षणाची पुंजी तेच आहेत. गिरणीचा भोंगा, तिसरी पाळी, जत्रेला गावी जायची एसटी, हे सगळं त्यांनी सांगायचं आणि त्यानं ऐकायचं. गोष्ट ऐकताना मुलाला लांब वाक्यं, ‘तेवढ्यात’, ‘इतक्यात’, ‘त्यामुळे’ असे शब्द मिळतात. तेच पुढे पुस्तकात भेटतात. रोजचा पेपर ते वाचत असतील तर मोठ्या मथळ्यात त्याचं ‘माझं अक्षर’ शोधून पेन्सिलनं गोल करायचा खेळ त्यांनी घ्यावा. आजोबा पेपर वाचताना मुलाला दिसतात, हेही शिक्षणच आहे. आणि बाराखडी? ती म्हणायला हरकत नाही, गाणं म्हणून, आंघोळीच्या वेळी. पुढे दोनेक वर्षांनी शब्द वाचता आले की तीच बाराखडी त्याला नकाशासारखी उपयोगी पडेल, तेव्हा हे पाठांतर वाया गेलेलं नसेल.

पुस्तकं रोज मोठ्यानं वाचून दाखवा. मांडीवर किंवा शेजारी, पुस्तक दोघांना दिसेल असं. मधूनच थांबा, ‘आता काय होईल?’ विचारा, आणि उत्तर चुकलं तरी पुढे जा. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तर दहाव्यांदा वाचा. पाठ झालेल्या पुस्तकावर तो बोट फिरवत ‘वाचायचं’ नाटक करेल, त्याला टोकू नका, वाचनाची पहिली पायरी तीच. पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. १८९८ मध्ये स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला आहे, शनिवारी त्याला घेऊन जा, कपाटं तर बघू दे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी चित्रकथा फुकट मिळतात. पायऱ्या लावलेल्या आहेत, पहिल्या पायरीला पानावर एक-दोनच वाक्यं. मोबाइलवर वाचायचं झालं तर तुम्ही शेजारी बसून वाचा. अक्षरगाण्यांचे व्हिडिओ लावून त्याला एकटं बसवण्यात फार काही मिळत नाही, ते परत गाणंच होतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. तो सात-आठचा झाला की ते घरात येऊ द्या.

रस्त्याचाही उपयोग करा. दुकानांच्या पाट्यांच्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, आता छोट्या दुकानालाही पाटी देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरात लावावी लागते. मुंबईतल्या मुलासाठी हा मोठा फायदा आहे. मेडिकल, डेअरी, केशकर्तनालय, रोज त्याच पाट्या. बेस्टच्या बसच्या कपाळावरचा मराठी आकडा त्याला आधी ओळखू दे. आणि करी रोडहून लोकलनं दादरला जाताना स्टेशनांच्या पाट्या बघा: ‘परळ’ म्हणजे काना नाही, मात्रा नाही, नुसती तीन अक्षरं. ‘दादर’ला एकच काना. वाचायला शिकणाऱ्याच्या वाटेत याहून चांगले दोन शब्द कोणी मांडून ठेवले नसते. गर्दीच्या वेळी नको, रविवारी जा.

दोन भाषांची काळजी सोडा. वाचणं म्हणजे काय, हे मूल एकदाच शिकतं. खुणांना आवाज असतो, आवाज जोडले की शब्द होतो, शब्दाला अर्थ असतो, हे ज्या भाषेत तो बोलतो, भांडतो, स्वप्नं बघतो त्या भाषेत लवकर कळतं, आणि मग दुसऱ्या लिपीत घेऊन जाता येतं. शाळेत ‘बी’चा आवाज ‘ब’ शिकवत असतील तर तुम्ही म्हणा, हो, आपल्या ‘बाबा’तला. एका दिवशी एका वहीत दोन्ही लिपी नकोत एवढंच पाळा. शिवाय २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं आहे, इंग्रजी माध्यमातसुद्धा. पहिलीत मराठीचं पुस्तक हातात येईल तेव्हा तुमच्या मुलाला ते ओळखीचं वाटेल.

थोडं सावधगिरीचंही सांगते, कारण ‘मोठा झाला की येईल’ हे नेहमीच खरं नसतं. सहा पूर्ण झाल्यावरही टाळ्यांनी शब्द फोडता येत नसेल, दोन शब्दांचं यमक कानाला कळत नसेल, रोज बघूनही स्वतःचं नाव ओळखत नसेल, बोलणं परक्यांना समजत नसेल, किंवा कान वारंवार फुटत असेल, तर थांबू नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. शाळेनं ‘मंद’ ठरवलेली दोन मुलं मी अशी पाहिली आहेत की त्यांना फळाच दिसत नव्हता. वाचनातली विशिष्ट अक्षमता आहे की नाही याचा पक्का निर्णय साधारण आठव्या वर्षाच्या आसपास करतात, त्याआधी घाईनं शिक्का मारून घेऊ नका. तशी वेळ आली तर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी वेगळा विभाग आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तुमच्या मुलाबद्दल तशी शंका येत नाही. चारशे अक्षरं ओळीनं लक्षात ठेवणारा मुलगा आहे तो.

राहिला शाळेचा निरोप. बाईंना भेटा, भांडायला नको. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टसुद्धा तिसरीच्या अखेरीस मुलाला समजून वाचता-लिहिता यावं आणि पायाभूत गणित यावं एवढंच आहे. सीनियर केजीतल्या मुलानं दुरेघीत सुबक लिहावं असं त्यात कुठेही नाही. हे शांतपणे सांगा आणि दोन महिने मागा: घरी बोटांचं काम, गोष्टी आणि रोजचं एक वाक्य चालू आहे, तोवर लेखनाचा गृहपाठ निम्मा करा. बहुतेक बाई ऐकतात, त्यांच्यावरही वरून वह्या भरण्याचा ताण असतो. भेटायला सुट्टी मिळत नसेल तर हेच चार ओळींत डायरीत लिहून पाठवा, आणि तुमच्या सहीच्या शेजारी त्याला डाव्या हातानं त्याचं नाव लिहू द्या, जसं येईल तसं.